वहिनी, आता तुमच्या पाठीचं

अकोला,
कोजागिरीनंतरचा बुधवार

ती. सौ. वहिनींस,


काल फोनवर धड बोलणं झालं नाही. बाजेवर दादा, आत आई, दारात सोंगणीचे पैसे मागायला मजूर. मला जे विचारायचं होतं ते अशा गर्दीत विचारण्यासारखं नव्हतं. विचारलं असतं तरी तुम्ही "हो, बरं आहे" एवढंच म्हणाला असता. म्हणून लिहिते. तुमचा मुलगा आज संध्याकाळच्या गाडीनं गावी निघतो आहे, त्याच्याच हाती पत्र देते. आधी तुम्ही एकट्यानं वाचा. त्यातला दादाचा भाग मग त्याला वाचून दाखवा.

दादाचं दुखणं मोठं आहे यात शंका नाही. सोयाबीनचे कट्टे ट्रॉलीत फेकताना कंबर धरली की माणसाला जागच्या जागी घाम फुटतो, खोकलासुद्धा नको वाटतो. माझी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली, आणि तिथं एक गोष्ट पक्की कळली. कंबर किती दुखते यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही. उसण भरलेला तगडा माणूस ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतो आणि पंधरवड्यात चालत घरी जातो. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हतही नाही, आणि तिच्याच मणक्यात काहीतरी भलतं असतं. कंबरदुखीच्या बहुतेक माणसांत एक्स-रेनं किंवा रक्ताच्या तपासणीनं दाखवता येईल असं वेगळं कारण सापडतच नाही. स्नायू आणि बंध ताणलेले असतात, आणि चार-सहा आठवड्यांत दुखणं आपसूक ओसरतं.

पण त्यासाठी उठावं लागतं. दादा आठवडाभर आडवा आहे हे ऐकून मला त्याच्या दुखण्यापेक्षा त्या बाजेचीच जास्त काळजी वाटली. पूर्वी डॉक्टरसुद्धा पंधरा-पंधरा दिवस फळीवर झोपायला सांगत, गावात तेच डोक्यात बसलं आहे. फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, तो १९९५ मध्ये छापून आला. कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिले आणि काहींना सांगितलं की झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा. लवकर बरे झाले ते शेवटचे. तेव्हा त्याला उठवा. अंगणात चार फेऱ्या, जरा टेकणं, पुन्हा चार फेऱ्या. कट्टे उचलायचे नाहीत, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. बाकी हिंडायला हरकत नाही. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं तर बरं वाटेल.

आता त्याला विचारायचे प्रश्न. मी फोनवर लघवीचं विचारलं तर तो "हो हो" म्हणाला आणि सोयाबीनच्या भावावर गेला. बहिणीला तो हे सांगणार नाही, पोराला तर नाहीच. तुम्हालाच विचारावं लागेल, आणि आज रात्रीच विचारा. लघवी लागल्याचं कळतं का? सुरू व्हायला वेळ लागतो का, थेंब थेंब होते का, की नकळत कपड्यात जाते? संडासचं काय? सायकलच्या सीटवर बसल्यावर शरीराचा जो भाग टेकतो, तिथं स्पर्श कळतो की तो भाग बधिर झाल्यासारखा वाटतो? धुताना हात लागलेला कळतो का? एका पायातली कळ आता दोन्ही पायांत उतरली आहे का? नवराबायकोच्या संबंधात अचानक काही फरक पडला असेल तर तोही याच प्रश्नांत येतो. तो लाजेल, तुम्हीही लाजाल, तरी विचारा.

मग त्याला टाचांवर चार पावलं चालायला सांगा, नंतर चवड्यांवर चार. पायाचा अंगठा वर उचलायला सांगून तुम्ही बोटानं दाबून धरा. दोन्ही पायांचा जोर सारखा लागला पाहिजे. पाऊल लटकतं आहे, चप्पल पायातून निसटते आहे, असं काही दिसलं तर ते साधं दुखणं नाही.

याचं कारण सांगते, म्हणजे नुसतं भ्यायला होणार नाही. पाठीच्या कण्यातून जाणारी मुख्य मज्जारज्जू कमरेच्या जरा वरच संपते. तिथून खाली नसांचा एक झुबका लोंबतो, सुंभाच्या दोरीचं टोक उसवावं तसा. पाय, लघवी, संडास, सगळ्यांच्या नसा त्या झुबक्यात असतात. मणक्यांमधली चकती मोठ्या प्रमाणात बाहेर आली आणि हा झुबकाच दाबला गेला, तर शस्त्रक्रिया करून तो मोकळा करावा लागतो. तेही दिवस-दोन दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. वेळ गेली की पाय पुष्कळदा सुधारतात, पण लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. असा एक शेतमजूर मला कायमचा लक्षात राहिला आहे. लघवी तुंबून पोट नगाऱ्यासारखं फुगल्यावर त्याला आणलं होतं. कळत त्याला आधीपासून होतं. पण घरात सुना, म्हणून तो बोलला नाही. पुढं तो चालायला लागला, नळी मात्र सुटली नाही.

म्हणून वरच्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर वाकडं आलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा, गाडी बोलवा आणि मला कळवा. मालेगावहून पातूरचा घाट उतरून अकोल्याला येणं रात्रीसुद्धा जमतं. उत्तरं सगळी सरळ आली तर निश्चिंत झोपा, आणि उद्यापासून त्याला चालवा. पायाचा जोर कमी होतोय का एवढं मात्र रोज बघत राहा.

गावानं सुचवलेल्या इलाजांचं थोडक्यात लिहिते. एमआरआयची आत्ता गरज नाही. ज्यांना कसलंच दुखणं नव्हतं अशा तीन हजारांवर माणसांचे फोटो एकत्र तपासले, तर विशीतल्या शंभरांपैकी ३७ जणांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या ९६ जणांच्या. दादाच्या वयाला फोटो काढला की "गॅप" निघणारच. मग तो गॅप आयुष्यभर त्याच्या डोक्यात राहील आणि वाकायची भीती बसेल. पायाचा जोर गेला, लघवीचं काही झालं किंवा सहा आठवड्यांनीही उतार पडला नाही, तर फोटो जरूर काढू. पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घ्यायची आपल्याकडं जुनी रीत आहे. उसण तशीही आपोआप जाणार असते, त्यामुळं लाथेला यश मिळतं. पण आत हाड मोडलेलं असेल किंवा किडलेलं असेल, तर त्याच लाथेनं माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. आणि पुडीवाल्याकडं तर मुळीच नको. पुडीनं दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा गरगरीत दिसतो, तेव्हा बहुतेकदा त्या पुडीत स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने खाल्लं की तेच हाडं पोकळ करतं. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही उपाशीपोटी, उन्हात घाम गाळत, पाणी न पिता रोज रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हीला महाग पडतात. इलाजात बसत नाही, पण सांगून ठेवते: कमरेच्या एकाच बाजूला कळ येऊन जांघेकडं उतरते, माणूस तळमळतो, कुठल्याच कुशीवर थारा मिळत नाही, ते बहुधा मुतखड्याचं दुखणं. त्यात थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

दादाच्या मनात "मणका गेला म्हणजे शेती गेली" असं बसलं असेल. त्याला बाबा आमट्यांची आठवण करून द्या. मणक्याच्या आजारानं त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. तशा पाठीनं, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ च्या डिसेंबरात ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले आणि तरुण मुलं सायकलींवर असताना स्वतः गाडीत आडवे होऊन काश्मीरपर्यंत गेले. दादाचं दुखणं त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही, आणि मी हे त्याला हिणवायला सांगत नाही. पाठ बिघडलेली असतानाही माणूस कामाचा राहतो, हे आपल्याच विदर्भातल्या माणसानं दाखवलेलं त्याला माहीत असावं.

आईचं एकच. ती वाकत चालली आहे, उंची कमी झाली आहे, आणि दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाते. अशा म्हातारीला नुसतं धपकन बसल्यानंही मणक्याचं हाड दबून मोडू शकतं. ती पडली किंवा पाठ अचानक जोरात दुखायला लागली, तर तेल चोळत बसू नका, फोटो काढून घ्या.

आता ज्यासाठी मुळात कागद घेतला ते.

फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "माही पाठ तं दिवाळीपासून दुखतेच, तिचं काय घेऊन बसता." वहिनी, दिवाळी आता पुन्हा आली. त्याआधी, राखीला आले होते तेव्हा, तुमचं ब्लाऊज दंडावर सैल झालेलं मी पाहिलं होतं. "संध्याकाळी अंग कसकसते, थकवा असंल," असंही तुम्ही जाता जाता म्हणाला होता. आणि दुखतं कुठं विचारलं तर हात कमरेवर गेला नाही, वर गेला, खांद्यांच्या मधोमध, जरासा खाली. रात्री कूस बदलताना जाग येते म्हणालात. दादाची कंबर आडवं झालं की शांत होते. तुमची पाठ आडवं झाल्यावरही जागं ठेवते. दोन्हींतला हा फरक माझ्या मनातून जात नाही.

बाबांना क्षयरोग झाला तेव्हा त्यांच्या औषधाच्या वेळा तुम्हीच सांभाळल्या. थुंकीचं भांडं तुम्ही धुतलं, त्याच खोलीत रात्री जागलात. आम्ही पोटची पोरं चार दिवस येऊन जायचो. ते जंतू श्वासावाटे शरीरात जातात आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतात. खाणं कमी पडलं, अंगातली ताकद घटली की जागे होतात, आणि फुप्फुसातच राहतील असंही नाही. रक्तातून ते मणक्यात जाऊन बसतात. हाडांच्या क्षयरोगात निम्म्याच्या आसपास रुग्ण मणक्याचे असतात. मग खोकला नसतो, बेडका नसतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. ताप पुष्कळांना येतही नाही. पाठीच्या एकाच जागी दुखतं, तिथं हळूच ठोकलं तर जास्त दुखतं, पाठ ताठ राहते, खालची वस्तू उचलताना माणूस कमरेत न वाकता सरळ पाठीनं उकिडवा बसतो. वजन उतरतं. उपचार झाला नाही तर मणक्याचा पुढचा भाग खचतो आणि कुबड येतं. पस साचून मज्जारज्जू दाबली जाते आणि पाय जड होतात. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्यानं कुबड आणि पाय लुळे पडणं यांची ही जोडी १७७९ मध्ये लिहून ठेवली. जंतू सापडायला पुढं शंभर वर्षं गेली. आज मात्र पाय लुळे पडेपर्यंत वाट पाहायचं काहीच कारण नाही. वेळेवर सापडला तर बहुतेकांचा हा आजार नुसत्या गोळ्यांनी बरा होतो. वर्षभर किंवा थोडं जास्त औषध घ्यावं लागतं, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात जमा होतात. चालताबोलता, घरी राहून हे उपचार घेता येतात. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातल्या चाचण्यांनीही ते दाखवून दिलं आहे.

तुम्हाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. नुसतं रक्त कमी असेल, ड जीवनसत्त्व कमी असेल, नाहीतर निंदणानं पाठ मोडली असेल. पण रात्रीचं दुखणं, उतरलेलं वजन आणि घरात होऊन गेलेला क्षयरोग, हे तिन्ही एका बाईत असताना "नेहमीचंच" म्हणून सोडून देता येत नाही. आणखी एक विचारते, रागावू नका. छातीत कुठं गाठ हाताला लागते का? अंघोळ करताना दोन्ही बाजू आणि काखा बोटांनी चाचपून बघा. तिथला कर्करोगही पाठीच्या हाडात जाऊन दुखू शकतो.

तुम्ही डॉक्टरकडं गेला नाहीत असं नाही, ते मला ठाऊक आहे. पाठ दुखते म्हटल्यावर "अंगावरून जातं का?" एवढं एकच विचारलं जातं आणि गोळ्या हातात पडतात. बायकांची पाठ म्हटलं की सगळं खापर गर्भाशयावर. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाठ, कंबर, पांढरं जाणं, असल्या तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी बायका पिशवी गमावून आल्या, आणि दुखणं पुष्कळींचं तसंच राहिलं. आणि तपासणीचं म्हणाल तर राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत घरोघरच्या बायका तपासल्या, ते १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. राणी बंग यांच्याच 'सर्च' संस्थेत पुढं मुंबईचे मणक्याचे डॉक्टर शेखर भोजराज गडचिरोलीच्या लोकांच्या पाठी तपासायला येऊ लागले, कारण गावांतलं ते मोठं दुखणं होतं. डोक्यावर घागर, पाठीवर मोळी आणि दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं सगळे धरून चालतात. तीही तेच धरून चालते. त्यात एखादीच्या पाठीत खरोखर आजार असला तरी तो त्याच "दुखणारच" मध्ये दडून राहतो. मला तुमच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही.

सोमवारी सकाळी मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बाबांच्या उपचारांचे कागद सोबत ठेवा. ते कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. डॉक्टरांसमोर "पाठ दुखते" म्हणून गप्प बसू नका. आधी सांगा की घरात क्षयरोग होता आणि मी त्यांची सेवा केली. मग सांगा की रात्री दुखून जाग येते, कपडे सैल झाले आहेत, संध्याकाळी अंग कसकसतं. कुठं दुखतं ते बोट ठेवून दाखवा. वजन करायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. रक्त, छातीचा फोटो, पाठीचा फोटो, एवढं तिथं किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात होईल. पाठीचा फोटो साफ आला म्हणून समाधान मानू नका. हाड बरंच पोखरलं गेल्यावरच ते साध्या फोटोत दिसतं. पुढचा एमआरआय लागला तर तो तुमचा काढायचा, दादाचा नव्हे. त्यासाठी अकोल्याला या, माझ्याकडं राहा. मधल्या काळात पायांत जडपणा वाटला, चालताना तोल गेला, छातीपासून खाली मुंग्या आल्या, तर सोमवारचीही वाट पाहायची नाही. तेव्हा १०८ तुमच्यासाठी.

तुम्ही म्हणाल, सोयाबीन विकू द्या, हरभऱ्याची पेरणी होऊ द्या, दिवाळीचा फराळ होऊ द्या. कट्टे घरात आठ दिवस राहिले तर भाव पडायचा तेवढा पडेल. फराळाचं आई आणि मी बघतो, मी धनत्रयोदशीला येतेच आहे. दादाला सोबत घेऊन जा. एसटीत बसणं त्याच्या कमरेला आता चालेल, आणि चार तास दवाखान्याच्या बाकावर बायकोशेजारी बसला तर त्याचंही काही बिघडत नाही. त्याला मी वेगळं सांगणार आहे.

सोमवारी संध्याकाळी फोन करा. वजन किती भरलं ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
नणंद